किनारा न पाहिलेलं वादळ

(रत्नागिरी येथील वार्षिक स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



27 ऑक्टोबर 2019, रविवार. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. घराघरात पणत्या लागत होत्या, आणि त्याच दिवशी आपल्या या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला ‘क्यार’ हे चक्रीवादळ महाचक्रीवादळ झालं. वाऱ्याचा वेग ताशी 240 किलोमीटरपर्यंत गेला, केंद्रातला हवेचा दाब 922 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. अरबी समुद्रात नोंदलं गेलेलं हे दुसरंच महाचक्रीवादळ. पहिलं 2007 सालचं ‘गोनू’. गोनूने ओमानमध्ये हाहाकार उडवला, म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिलं. क्यार कुठल्याच किनाऱ्यावर चढलं नाही. ओमानच्या दिशेने गेलं, मग नैऋत्येला वळलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सोमालियाजवळच्या समुद्रात विरून गेलं. आपल्याकडे बातमी आली ती एका ओळीची: क्यारचा धोका टळला.

या टळलेल्या वादळाविषयी आज मला बोलायचं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गुरुजी भूगोल शिकवायचे आणि शाळेच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची नोंद सुटीच्या दिवशीही चुकवायचे नाहीत. त्यांच्या नावाने बोलताना बातमीच्या एका ओळीवर थांबणं मला पटत नाही. आपण वादळ ओळखतो ते जमिनीवर आल्यावर: पडलेले माड, उडालेले पत्रे, बंद पडलेली वीज. पण तो चक्रीवादळाच्या आयुष्याचा शेवटचा दिवस असतो. त्याचा जन्म, त्याचं वाढणं, त्याचा भर, हे सगळं समुद्रावर होतं, आणि पुष्कळदा मरणही. समुद्र ही वादळाची निव्वळ येण्याची वाट आहे असं मानलं की दोन गोष्टी नजरेआड होतात. वादळाला बळ कुठून मिळतं ते दिसत नाही, आणि त्या समुद्रावर त्या वेळी माणसं आहेत हेही दिसत नाही.

आधी जन्माकडे वळतो. 2019 चा पावसाळा लांबला होता. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी मान्सूनची परती त्या वर्षी 9 ऑक्टोबरला सुरू झाली आणि आठवड्याभरात, 16 ऑक्टोबरला, मान्सून देशातून बाहेर पडला. त्याच सुमारास हिंदी महासागरात एक मोठी उलथापालथ चालू होती. महासागराचा पश्चिम भाग, म्हणजे आफ्रिकेकडची बाजू, नेहमीपेक्षा तापलेली होती आणि सुमात्राकडची पूर्व बाजू थंड पडली होती. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, आणि त्या वर्षीचा डायपोल नोंदींतल्या सर्वांत तीव्र डायपोलांपैकी होता. अरबी समुद्राचं पाणी ऊबदार, वर दमट हवा. अशा पाण्यावर आधी कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं.

कमी दाबाची क्षेत्रं समुद्रावर वर्षभर होत असतात. त्यांतली बहुतेक दोन-चार दिवस पाऊस पाडून विरून जातात. वादळ जन्माला यायला अनेक गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. पाणी किमान साडेसव्वीस अंश सेल्सिअस तापलेलं हवं. एरिक पाल्मेन या फिनिश शास्त्रज्ञाने 1948 साली ही मर्यादा दाखवून दिली. तेही नुसतं वरचं पाणी तापलेलं असून चालत नाही, ऊब काही दहा मीटर खोलवर असावी लागते. हवेच्या मधल्या थरात ओलावा हवा, नाहीतर वर चढणारे ढग कोरड्या हवेत सुकून जातात. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम, म्हणजे कोरिऑलिस बल, पुरेसं हवं. विषुववृत्तावर ते शून्य असतं, म्हणून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळं सहसा होत नाहीत. सहसा म्हणतो, कारण 2001 च्या डिसेंबरात ‘वामेई’ नावाचं वादळ सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर जन्मलं होतं.

आणखी एक अट आहे, आणि अरबी समुद्रासाठी माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. समुद्रालगतचा वारा आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्यात फार तफावत नको. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्र खवळलेला असतो, आभाळ भरलेलं असतं, तरी चक्रीवादळ होत नाही. असं का, हा प्रश्न मला शाळेतली मुलंही विचारतात. तेव्हा खाली नैऋत्येचा जोरदार मान्सून वारा असतो आणि वर त्याच्या जवळजवळ उलट, पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत. वादळ म्हणजे समुद्रापासून वरपर्यंत सरळ उभं राहिलेलं धुराडं. खालून एकीकडे आणि वरून दुसरीकडे ओढलं तर ते तिरकं होतं आणि त्याची उष्णता एका जागी साठत नाही. म्हणून आपल्या समुद्रात वादळांचे हंगाम दोन: मान्सून येण्याआधीचा मे-जून आणि मान्सून गेल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. क्यार त्या दुसऱ्या हंगामाच्या उंबरठ्यावर आलं.

24 ऑक्टोबरला हवामान खात्याने त्या क्षेत्राला ‘डिप्रेशन’ म्हटलं. आपल्याकडच्या मोजणीत वारा ताशी 31 किलोमीटरवर गेला की डिप्रेशन, 62 वर चक्रीवादळ, 118 वर अतितीव्र चक्रीवादळ आणि 222 च्या पुढे महाचक्रीवादळ. मधल्या पायऱ्या मी गाळतो. 25 तारखेला त्याला नाव मिळालं, तेव्हा ते रत्नागिरीच्या पश्चिम-नैऋत्येला सुमारे 200 किलोमीटरवर होतं. सुरुवातीला ते किनाऱ्याकडे सरकत होतं आणि मग पश्चिम-वायव्येकडे वळलं. त्या दिवशी रत्नागिरी, जयगड, देवगड या बंदरांत आसऱ्याला आलेल्या होड्यांची दाटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या वस्तीत पाणी शिरलं. कापून आडवं टाकलेलं भात शेतातच भिजलं आणि त्याला मोड आले. महाराष्ट्रभर त्या दिवाळीत शेतकऱ्याच्या पदरी जो अवकाळी पाऊस पडला, त्यात या वादळाचा आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या ‘महा’ वादळाचा वाटा होता. म्हणजे धोका टळला म्हणणाऱ्यांनी भाताच्या खाचरात उतरून पाहिलं नव्हतं.

पण आता किनारा सोडू आणि वादळाबरोबर आत जाऊ.

समुद्राच्या पाण्याची वाफ होताना ती आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 25 लाख ज्यूल ऊर्जा लागते. ही ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही. वाफ वर जाऊन तिचे थेंब झाले की तेवढीच उष्णता हवेत मोकळी होते. हा अप्रकट उष्मा. एक चौरस मीटर जागा घ्या, या टेबलाएवढी. तिच्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे 100 लिटर पाणी. ते पाणी ढगात थेंबरूप होताना वर हवेत 25 कोटी ज्यूल उष्णता सुटलेली असते. विजेच्या हिशेबात सुमारे 70 युनिट. एका टेबलावर 70 युनिट! आता वादळाचा विस्तार शेकडो किलोमीटरचा धरा आणि हा पाऊस दिवसचे दिवस चालू आहे असं धरा.

ही उष्णता केंद्रावरची हवा तापवते. तापलेली हवा हलकी, म्हणून खालचा दाब उतरतो. दाब उतरला की आजूबाजूची हवा जास्त वेगाने आत धावते, आत येताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने घुमायला लागते. वारा वाढला की समुद्रावरून वाफ आणखी वेगाने उचलली जाते, आणि त्या वाफेतून आणखी उष्णता. हे चक्र एकदा बसलं की वादळ स्वतःला वाढवतं. हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी 1986 मध्ये याचं गणित उष्णतेच्या इंजिनासारखं मांडलं: उष्णता घ्यायची ती ऊबदार समुद्राकडून आणि सोडायची ती सोळा-सतरा किलोमीटर उंचीवरच्या, शून्याखाली सत्तर-ऐंशी अंश थंड असलेल्या तपस्तब्धीच्या, म्हणजे जिथे तापमान उतरायचं थांबतं त्या थराच्या, आसपास. वर आणि खाली तापमानाचा फरक जितका मोठा, तितकी या इंजिनाची कमाल ताकद जास्त. पावसातून सुटणाऱ्या एकूण उष्णतेपैकी वाऱ्याच्या वाट्याला येतो तो साधारण चारशेवा हिस्सा. उरलेली बहुतेक उष्णता वरच्या हवेत पसरून अवकाशाकडे निघून जाते. एवढ्याशा हिश्श्यातून ताशी 240 किलोमीटरचा वारा तयार होतो, हे मी अनेक वर्षं शिकवत आलो आणि तरी दर वेळी मनाला भिडतं.

क्यार चक्रीवादळाच्या पायरीवरून महाचक्रीवादळाच्या पायरीवर गेलं ते साधारण दोन दिवसांत. एवढ्या झपाट्याने वाढणारं वादळ हवामानशास्त्रज्ञांची झोप उडवतं. वादळ कुठे जाईल याचा अंदाज गेल्या काही दशकांत खूप सुधारला आहे. वादळाला स्वतःचं असं चालणं फारसं नसतं. काही किलोमीटर उंचीवरचा वारा त्याला वाहून नेतो, आणि तो वारा आता चांगला मोजता येतो. पण ते किती वेगाने बळावेल, याचा अंदाज अजून अवघड आहे, कारण त्याचं उत्तर वादळाच्या पोटात आणि त्याच्या खालच्या पाण्यात दडलेलं असतं.

त्या पोटात काय असतं? मध्यभागी डोळा, बहुधा तीस ते साठ किलोमीटर रुंद. डोळ्यात हवा वरून हळूहळू खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते, म्हणून ढग विरतात आणि वर निळं आभाळ दिसतं. डोळ्याच्या कडेला ढगांची गोल भिंत उभी असते आणि सगळ्यांत जोराचा वारा त्या भिंतीत असतो. 27 जुलै 1943 ला जोसेफ डकवर्थ हे अमेरिकी वैमानिक राल्फ ओ’हेअर यांना सोबत घेऊन एका प्रशिक्षण विमानातून टेक्सासच्या गॅल्व्हस्टनजवळच्या वादळाच्या डोळ्यात मुद्दाम शिरले आणि परत आले. तिथून वादळात विमानं धाडायची परंपरा सुरू झाली. आज अमेरिकी विमानं वादळावरून छोट्या नळ्या सोडतात. छत्रीला लटकून खाली येताना त्या नळ्या दाब, तापमान, ओलावा आणि वारा क्षणाक्षणाला कळवत राहतात.

या नळ्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. वारा ताशी 120 किलोमीटरच्या आसपास गेला की समुद्राचा पृष्ठभाग बदलून जातो. लाटांचे माथे फाटतात, पाणी फेसाच्या लांब पट्ट्यांत ओढलं जातं, हवेत इतके तुषार उडतात की पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. सगळं पांढरं. एरवी वारा वाढला की समुद्राचा खडबडीतपणा आणि त्याबरोबर वाऱ्याला होणारा अडथळा वाढत जातो. पण मार्क पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं की या वेगाच्या पुढे तो अडथळा वाढायचा थांबतो. म्हणजे अडथळा वाऱ्याच्या मानाने वाढत नाही आणि वाफ मात्र उचलली जात राहते. महाचक्रीवादळ इतकं बळावू शकतं त्याचं एक कारण त्या फेसात आहे.

डोळ्याखालचा समुद्रही पाहण्यासारखा. वारा पडलेला, पण लाटा चारी बाजूंनी आलेल्या, एकमेकींवर आदळून सरळ वर उसळणाऱ्या. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर उचलला जातो. क्यारच्या केंद्रात दाब नेहमीपेक्षा पंचाऐंशी हेक्टोपास्कलच्या आसपास कमी होता. म्हणजे भर समुद्रात, कुणाच्याही नजरेत न येता, पाण्याचा पाऊण मीटरहून अधिक उंचीचा उंचवटा वादळाबरोबर चालत होता.

वादळात शिरणारी विमानं हिंदी महासागरात नियमित जात नाहीत. क्यारला हवामान खात्याच्या दिल्लीतल्या वादळ कक्षाने पाहिलं ते उपग्रहांतून. इन्सॅट-3डी आणि इन्सॅट-3डीआर हे दोन उपग्रह मिळून दर पंधरा मिनिटांनी एक चित्र देत होते. तिथे बसलेला अधिकारी अवरक्त चित्रात डोळ्याचा काळसर, ऊबदार ठिपका आणि त्याभोवतीचं अतिथंड ढगांचं कडं यांच्या तापमानातला फरक पाहतो, ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले गेलेत ते मोजतो आणि त्यावरून वादळाच्या तीव्रतेचा एक आकडा ठरवतो. ही रीत व्हर्नन ड्व्होरॅक यांनी 1970 च्या दशकात बसवली आणि आजही जगभर तीच चालते. मी हे काम जवळून पाहिलं आहे. रात्री तीन वाजता दोन अनुभवी माणसं एका चित्रावर अर्ध्या आकड्यासाठी शांतपणे वाद घालतात, आणि त्या अर्ध्या आकड्यावर कुठल्या बंदरात कोणता बावटा चढणार ते अवलंबून असतं. त्या श्रमांची दखल आपण पुरेशी घेत नाही.

वादळाचा भर फार काळ टिकत नाही. वादळ ज्या समुद्रावर जगतं, त्यालाच ते थंड करत जातं. वाऱ्याने वरचं ऊबदार पाणी ढवळलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. वादळाच्या मागे समुद्र दोन-तीन अंश, कधी त्याहून अधिक थंड झालेला असतो. आपल्या गोलार्धात ही थंडी वाटेच्या उजव्या बाजूला जास्त असते, कारण तिथे वारा आणि पाण्याचे प्रवाह एकाच दिशेने वळत राहतात आणि ढवळणं जोरात होतं. वादळ चालत राहिलं तर ताज्या ऊबदार पाण्यावर जातं. रेंगाळलं तर स्वतःच गार केलेल्या पाण्यावर उभं राहतं. क्यारची उतरती कळा 29 ऑक्टोबरच्या सुमारास लागली. पश्चिमेला जाताना अरबस्तानाकडची कोरडी हवा त्यात शिरली, वर-खालच्या वाऱ्यातली तफावत वाढली, पाण्याची ऊबही कमी होत गेली. डोळा बुजला, ढगांचं कडं एका बाजूला ढळलं. 30 तारखेला लक्षद्वीपजवळ ‘महा’ जन्माला आलं आणि अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं असण्याची उपग्रहांच्या काळातली ती पहिली नोंद ठरली. महा नंतर परत पूर्वेला वळलं आणि गुजरातला पोचता पोचता क्षीण झालं. क्यार तिकडे सोमालियाच्या बाजूला पुन्हा एक कमी दाबाचं क्षेत्र होऊन संपलं.

संपलं म्हणतो, पण समुद्रात त्याची खूण मागे राहते. थंड पाण्याचा पट्टा पुन्हा तापायला आठवडा-दोन आठवडे, कधी जास्त लागतात. खालून वर आलेल्या पाण्यात पोषक क्षार असतात. उन्हात पोचल्यावर त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि उपग्रहातून समुद्राचा रंग बदललेला दिसतो. जी ऊब ढवळून खाली ढकलली गेली, तिचं पुढे काय होतं, महासागराच्या मोठ्या प्रवाहांत तिचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. या सगळ्याला किनाऱ्यावरच्या नुकसानीच्या पंचनाम्यात जागा नाही.

आता माणसांकडे येतो. 26 ऑक्टोबरला नौदलाच्या आयएनएस तेग या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला बुडणाऱ्या एका मच्छीमार बोटीवरच्या 17 जणांना वाचवलं. हे किनाऱ्यापासून दूर घडलं, ज्या समुद्रात आपल्या हिशेबाने ‘धोका’ नव्हता. 2017 च्या नोव्हेंबर अखेरीस ‘ओखी’ श्रीलंकेजवळ जन्मलं आणि एका दिवसाच्या आत डिप्रेशनचं चक्रीवादळ झालं. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल पाण्यात होते. त्यांच्या 68 बोटी 952 जणांना घेऊन आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडच्या लोकांनी त्यांना पाहुण्यांसारखं ठेवलं. जे किनाऱ्याला लागले नाहीत, त्यांच्या घरच्यांनी महिनोन् महिने वाट पाहिली. 2021 मध्ये ‘तौक्ते’ वादळात मुंबई हायजवळ पी-305 हा तराफा बुडाला आणि कितीतरी कामगार गेले. ही सगळी माणसं वादळात सापडली ती समुद्रावर, जमिनीवर नाही.

किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइल मुका होतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचं जेमिनी हे उपकरण, जे उपग्रहामार्फत खोल समुद्रात इशारा पोचवतं, ते 9 ऑक्टोबर 2019 ला जाहीर झालं, म्हणजे क्यारच्या जेमतेम दोन आठवडे आधी. ते किती होड्यांवर आहे याची चौकशी प्रत्येक मच्छीमार सोसायटीने आपापल्या बंदरात करावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ते एकाच दिशेने बोलतं हे खरं, होडीवरून उत्तर देता येत नाही. तरी दोनशे किलोमीटर बाहेर असलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, वारा कुठून येणार हे कळणं आणि न कळणं यात माणसांच्या जिवाचा फरक आहे.

हे आत्ताच का सांगतो? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली आणि ती टिकून राहण्याचा एकूण काळ 80 टक्क्यांनी वाढला. बंगालच्या उपसागरात मात्र संख्या थोडी घटली. आमच्या तरुणपणी पुस्तकात लिहिलेलं असायचं की चार वादळं उपसागरात तर एक अरबी समुद्रात. 2019 मध्ये एकट्या अरबी समुद्रात पाच झाली. नेहमीचं प्रमाण वर्षाला एक, आणि पाचांचा आधीचा विक्रम 1902 चा. काळ वाढला या गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. वादळ समुद्रावर जास्त दिवस राहणार, म्हणजे किनाऱ्याला लागो न लागो, मासेमारी बंद राहण्याचे दिवस वाढणार, अवकाळी पाऊस वाढणार, लांब लाटा वाढणार. 2023 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात ‘फ्रेडी’ ऑस्ट्रेलियाच्या बाजूने निघून मोझांबिकपर्यंत आलं. त्याचं आयुष्य 36 दिवसांचं, हा जागतिक विक्रम आहे.

शेवटी तांडेल मंडळींशी दोन कामाच्या गोष्टी बोलतो. वाऱ्याच्या आधी लाट येते. भर वादळातून निघालेल्या लांब लाटांच्या दोन माथ्यांमधलं अंतर बारा-पंधरा सेकंदांचं असतं, आणि त्या दिवसाला आठ-नऊशे किलोमीटर जातात, वादळापेक्षा कितीतरी वेगाने. वारा पडलेला असताना अशा लाटा येऊ लागल्या तर त्या कुठून येतात ते पाहा, तिकडे वादळ आहे किंवा होतं. दुसरी गोष्ट, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचं केंद्र आपल्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. आणि वादळाच्या वाटेची उजवी बाजू जास्त घातक, कारण तिथे वाऱ्याच्या वेगात वादळाचा स्वतःचा वेग मिळतो.

या गोष्टी माणसाला कळल्या त्या जहाजांच्या नोंदवह्यांतून. कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन यांनी 1839 पासून पुढे बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या वह्या जमवल्या. कुठल्या वेळी कुठल्या जहाजावर वारा कुठून होता, हे नकाशावर मांडत त्यांनी वादळांचे गोल काढले आणि 1848 मध्ये खलाशांसाठी पुस्तक लिहिलं. ना उपग्रह, ना बिनतारी यंत्र. भिजलेल्या डेकवर उभ्या असलेल्या माणसांनी खरं लिहून ठेवलं, एवढ्यावर ते काम झालं.

आपल्या समुद्रात आज मापनाचे तराफे थोडे आहेत, जगभर तरंगणारी आर्गो यंत्रं दहा दिवसांतून एकदा वर येतात, पण होड्या मात्र हजारोंनी आहेत. मोठ्या होड्यांवर जीपीएस असतो. माझी सूचना अशी की मच्छीमार सोसायट्यांनी प्रत्येक होडीला एक वही द्यावी. तारीख, वेळ, जागा, वारा कुठून, दोन लाटांमधले सेकंद, आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये सोय आहे त्यांनी हवेचा दाब. वादळ असो नसो, रोज एक ओळ. वर्षभराने त्या वह्या गोळा करून पुण्याच्या आणि हैदराबादच्या संस्थांकडे कशा पोचवायच्या, त्याचा तक्ता मी सोबत आणला आहे. तांडेल मंडळी पुढच्या रांगेत बसलीच आहेत. हे व्याख्यान संपलं की आपण मागच्या खोलीत बसू आणि रकाने नक्की करू. रकान्यांत काय बदल हवेत ते तुम्ही सांगा, समुद्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.